जुलाब : निरंक

कुंडलिक: …आन एक ध्यानात ठेव, जलाल. वाटेत कुनी इचारलं तर सांगायचं, दात.

जलाल: कसले दात, आबा?

कुंडलिक: माझ्या नातवाला, माऊलीला दात येत्यात, म्हणून भोरला दाखवायला नेतोय. जुलाब हा शब्द आज गावाच्या हद्दीत काढायचा न्हाई. थोड्या वेळात स्वच्छतेची कमिटी येतीया.

शिवानी: मामा, तुम्ही आत बसा आणि दार लावा. जलालभाऊ, चला हो लवकर.

जलाल: निघालो, वहिनी. पोराला मांडीवर नीट आडवं घ्या. आबा, तुमी जरा तिकडं सरका, टेम्पोचा गिअर अडतोय.

कुंडलिक: पुढच्या बाजूनं नको. मागनं, ओढ्याच्या वाटेनं काढ.

जलाल: त्या वाटेनं बैलगाडीसुदिक कण्हत जाती, आबा. पुढनं डांबरी हाय. आन पोर आजारी हाय.

कुंडलिक: पुढं कमान हाय. कमानीवर नवा बोर्ड हाय. 'अतिसारमुक्त गावात आपले सहर्ष स्वागत.' त्या बोर्डाखालनं सरपंचाचा नातू जुलाब करत जायचा? फोटोवाला हुबा हाय तिथं.

जलाल: आत्ता तुमीच काढला तो शब्द.

कुंडलिक: कुठला?

जलाल: जुलाब.

कुंडलिक: ओढ्याकडनं घे म्हणलं न्हवं!

शिवानी: कुठूनही घ्या, भाऊ, फक्त थांबू नका. काल सकाळपासून चाललंय याचं. आधी उलट्या, मग ताप, आणि आता नुसतं पाणी. आता रडतसुद्धा नाही.

जलाल: मग कालच का न्हाई नेलं?

शिवानी: मामांना विचारा.

कुंडलिक: मला काय इचारतोस? तिची सासू म्हणाली, दात हायत. बाळाबाईनं घरातली समदी पोरं वाढवली, तिला दात कळत न्हाईत व्हय?

शिवानी: आत्याबाई काल सकाळी म्हणाल्या, दात. संध्याकाळी म्हणाल्या, तुझंच दूध बाधलं, पाजू नको. आज म्हणाल्या, नजर लागली. आणि तुम्ही म्हणालात, कमिटी जाऊ दे, मग बघू.

कुंडलिक: बघू म्हणालो, न्हाई असं कुठं म्हणालो? सदर बाब विचाराधीन ठेवली होती. फेटाळली न्हवती.

जलाल: आबा, तुमची जीप कुठाय?

कुंडलिक: मानसिंग घिऊन गेलाय भोरला, कमिटीच्या साहेबांस्नी आणायला. हार, फेटे, नारळ, समदं तिच्यातच हाय.

जलाल: म्हंजी पोराचा बाप जीप घिऊन भोरला गेला, आन आजारी पोर हिकडंच ऱ्हायलं.

शिवानी: त्यांना माहीतच नाही, भाऊ, एवढं वाढलंय ते. ते निघाले तेव्हा वाटलं, शांत झोपलाय. झोपला नव्हता तो. ग्लानी आली होती.

कुंडलिक: आता तुमाला वाटतंय, मला नातवापेक्षा कमिटी मोठी. तसं न्हाई. पर दोन हजार आठ-नऊचं तालुक्याचं पहिलं बक्षीस हाय ते. गटारं झाकली. संडास रंगवले, आन रंग खराब हुईल म्हणून आठवडाभर कुणाला वापरू दिले न्हाईत. शाळेतल्या पोरांकडनं 'आमी हात धुतो' पाठ करून घेतलं. गेनबाला तर आज देवळात बसवून ठेवलाय.

जलाल: त्यो का?

कुंडलिक: त्यो खरं बोलतो.

जलाल: आन कुत्री?

कुंडलिक: समदी धरून शेजारच्या गावात सोडली. टॅक्टरनं.

जलाल: त्यातली दोन फाट्यावर दिसली मला सकाळी. घराकडंच चालली होती.

कुंडलिक: आली परत? आता गं बया! मानसिंगला फोन लावायला पायजे. ह्या ओढ्यात रेंज बी न्हाई.

शिवानी: मामा, कुत्री राहू द्या. याचे ओठ बघा. डोळे कसे आत गेलेत. आणि टाळूवर बोट ठेवा. खळगा पडलाय.

जलाल: हात्तिच्या… वहिनी, आमच्या पोरीचं, अम्रीनचं, अगदी असंच झालं होतं. त्या पिशवीत बाटली हाय बघा, आन चमचा. तुमचा निरोप आला तशी तिच्या आईनं, जाहिदानं, भरून दिली. दवाखान्यातनं मिळती ती पुडी कालवलीया पाण्यात. जरा जरा पाजत ऱ्हावा. उलटी झाली तर थांबा, मग परत पाजा.

कुंडलिक: थांब, थांब. पाणी कुठलं?

जलाल: आमच्या घरचं.

कुंडलिक: उकळलेलं?

जलाल: उकळलेलं.

कुंडलिक: भांड्यात?

जलाल: भांड्यातच उकळत्यात, आबा.

शिवानी: द्या इकडे. ये रे बाळा, घे. एवढं एवढं घे.

कुंडलिक: न्हाई, म्या आपलं नियम म्हणून इचारलं.

जलाल: इचारा की. गेल्या साली न्हाई इचारलं कुणी. तवा सरळ ठरावच झाला.

कुंडलिक: तो विषय आता कशाला?

शिवानी: कसला ठराव?

जलाल: तुमी तवा माहेरी होता, वहिनी, उत्रोलीला. फाट्यावर माझा अंडाभुर्जीचा गाडा होता. गेल्या थंडीत अम्रीनला हे असंच झालं. आमी दोघं तिला घिऊन भोरच्या दवाखान्यात पडलो, आन हिकडं ग्रामसभा बसली. गावात जुलाबाची एकच केस, आन कारण काय, तर जलालचा गाडा. पोरीला घिऊन घरी आलो तर गाडा पंचायतीच्या मागं उलटा पडलेला.

कुंडलिक: 'सार्वजनिक आरोग्यास धोका.' ठराव सर्वानुमते मंजूर झाला होता.

जलाल: मी न्हवतो सभेला.

कुंडलिक: गैरहजर असंल त्याची संमती धरत्यात.

शिवानी: पण अम्रीनला कशानं झालं होतं, ते विचारलं कुणी?

कुंडलिक: त्यात इचारायचं काय? उघड्यावरचा गाडा. अंडी. शिवऱ्यापासनं हायवेचं समदं डायवर लोक तिथं खायाला. त्यातनंच आलं असंल की पोरीला.

जलाल: आबा, पोरीला तवा एक दात न्हवता. भुर्जी कशानं खाणार ती?

कुंडलिक: …हे ग्रामसभेत निदर्शनास आणून द्यायला पायजे होतंस.

शिवानी: घेतोय हो. दोन चमचे घेतले. नाही, बाहेर काढलं.

जलाल: काढू दे. जरा दम घ्या, परत पाजा. आत थोडं तरी ऱ्हातंय. हायवे लागला बघा आता. कापूरहोळला वळलो की भोर लांब न्हाई.

कुंडलिक: पोरगं गार पडलंय का गं? हाताला गार लागतंय.

शिवानी: म्हणून तर सांगत होते.

जलाल: आबा, समोरनं तुमची जीप आली.

कुंडलिक: कुठं? आरं तिच्या… थांबू नको. लाईट दाऊ नको. सरळ बघ.

जलाल: खाली कुठं वाकताय?

कुंडलिक: चप्पल… चपलेचा अंगठा निघालाय. गेली का?

जलाल: जातीय. मानसिंगनं हात केला मला.

शिवानी: अहो… अहो! भाऊ, थांबवायची होती हो!

जलाल: वहिनी, मागं टँकर हाय चिकटलेला. जाग्यावर थांबलो असतो तर अंगावर आला असता. आबांनी खिडकीतनं हात काढला असता तर मानसिंगच थांबला असता.

शिवानी: मामा, का नाही काढला हात?

कुंडलिक: अगं, साहेब बसले होते शेजारी.

शिवानी: साहेब बसले होते. पोर बापाच्या समोरनं गेलं आणि आजोबा खाली वाकून चप्पल शोधत होते.

कुंडलिक: शिवानी, आवाज—

शिवानी: कुणाच्या हद्दीत आहोत आता आपण? संपली ना तुमची हद्द? जुलाब! जुलाब झालेत माझ्या पोराला! जुलाब, जुलाब, जुलाब! लावा त्याचा बोर्ड!

जलाल: वहिनी… पाजत ऱ्हावा.

शिवानी: पाजतेय.

कुंडलिक: डोळे का मिटतोय ह्यो? माऊली. ए माऊली. बघ की माझ्याकडं. जलाल, जरा हाण की गाडी!

जलाल: हाणतोय. म्होरं उसाचा टॅक्टर हाय, दोन ट्रॉल्या लावून.

कुंडलिक: हॉर्न वाजव!

जलाल: लोक बघत्यात, आबा. तुमीच म्हणाला होता—

कुंडलिक: बघू दे! कमिटी गेली खड्ड्यात! वाजव!

[भोर. लहान मुलांच्या दवाखान्याचा व्हरांडा. आत माऊलीला सलाईन लावलं आहे.]

कुंडलिक: एवढासा हात. शीरच सापडंना त्या सिस्टरला. इथं टोच, तिथं टोच. मला न्हाई बघवलं, म्या भाईर आलो.

जलाल: सापडली न्हवं आता? बसा.

कुंडलिक: तुझ्या पोरीला बी हितंच लावलं होतं का सलाईन?

जलाल: हितंच. हाताची घावंना, मग पायाला लावली.

कुंडलिक: तवा संगं कोन होतं तुमच्या?

जलाल: मी आन जाहिदा.

कुंडलिक: न्हाई, गावातलं कोन?

जलाल: गाव ग्रामसभेला होतं, आबा.

कुंडलिक: …शिवानी आली. काय गं, काय म्हणाली डॉक्टरीण?

शिवानी: वेळेत आणलं म्हणाली. जेमतेम. अजून उशीर केला असता तर, एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं काही बोलली नाही. वाटेत पाणी पाजत आलात ते बरं केलंत म्हणाली. आणि मी अंगावरचं बंद केलं होतं ना, त्यावरून ओरडली मला. पाजायला लावलं लगेच.

कुंडलिक: घेतलं?

शिवानी: थोडं घेतलं.

कुंडलिक: बरं झालं. आन… जरा हळू सांग. कशानं झालं म्हणाली? आपल्या टाकीच्या पाण्यानं?

शिवानी: रोटाव्हायरस म्हणतात त्याला. तपासायला पाठवलंय, पण लक्षणं तीच आहेत आणि थंडीचे दिवस आहेत, म्हणून तिला तोच वाटतोय. डोळ्यांना दिसत नाही. पोरं हात तोंडात घालतात, खेळणी तोंडात घालतात, त्यातून जातो पोटात. झोपडीतल्या पोराला होतो तसा बंगल्यातल्या पोराला पण होतो. हात धुवा, पाणी उकळा, ते सगळं करायलाच पाहिजे म्हणाली, त्यानं बाकीचे पुष्कळ आजार टळतात. पण हा तेवढ्यानं अडत नाही. अगदी परदेशातल्या पोरांनाही व्हायचा.

कुंडलिक: परदेशात?

शिवानी: हो.

कुंडलिक: कुठं, अमेरिकेत?

शिवानी: तिथंसुद्धा.

कुंडलिक: आरं मग! मग ह्यात आपल्या गावाचा काय दोष? जलाल, ऐकलंस का? गटाराचा संबंध न्हाई, संडासाचा न्हाई. टाकी तर निर्दोष सुटली! हे कमिटीला सांगायला पायजे. अमेरिकेत होतोय म्हंजी काय साधासुधा आजार हाय?

जलाल: ऐकलं, आबा. टाकी सुटली. आन गाडा?

कुंडलिक: कुठला गा…

जलाल: उलटा टाकला होता त्यो.

शिवानी: भाऊ, मी मुद्दाम विचारलं तिला. गेल्या थंडीत पण दवाखाना अशाच पोरांनी भरला होता म्हणाली. एका खाटेवर दोन-दोन. अम्रीनलाही तेच झालं असणार.

कुंडलिक: 'असणार' हा काय पुरावा न्हवं.

शिवानी: आणि अंड्यांचा काय पुरावा होता, मामा?

जलाल: जाऊ द्या, वहिनी. आबा, तुमचा फोन वाजतोय मघापासनं.

कुंडलिक: हां, मानसिंगच हाय. हॅलो. …भोरला हाय आमी. …अरे, दात न्हाईत, सांगतो, ऐक तर. सलाईन लावलंय. …तू साहेबांस्नी जेवू घाल आन मग—

शिवानी: इकडे द्या तो फोन. अहो, मी बोलतेय. …हो, त्या टेम्पोत आम्हीच होतो. …दिसलात तुम्ही. …आता आहे बरा, थोडा बरा आहे. तुम्ही निघा. …साहेब जेवतील त्यांच्या हातानं. …अहो, रडू नका. गाडी चालवायचीय तुम्हाला. …काय? मामांना? द्या. मामा, साहेबांना बोलायचंय तुमच्याशी.

कुंडलिक: दे. हॅलो, नमस्कार साहेब. …व्हय साहेब, घरगुती अडचण आली. नातू. …न्हाई, ते… पोटाचं जरा. …एक मिनिट हं, साहेब.

शिवानी: काय म्हणतात?

कुंडलिक: हळू. हात धरलाय म्या फोनवर. म्हणत्यात, 'गावातील अतिसाराचे रुग्ण' म्हणून रकाना हाय, तिथं काय लिहू? मानसिंगनं त्यांच्या देखतच तोंड वासलं, त्यामुळं आता झाकायचं काय ऱ्हायलं न्हाई. पर साहेब लई भला माणूस हाय. म्हणत्यात, पोरगं भोरला भरती हाय म्हंजी ती भोरची केस झाली. आपल्या गावाफुडं 'निरंक' लिहून टाकतो.

शिवानी: भोरची केस?

कुंडलिक: खाट भोरात, सलाईन भोरात. नियमात बसतंय.

जलाल: आबा, अम्रीनची खाट बी भोरातच होती. ह्या भिंतीपल्याड. ती कशी काय गावात मोजली?

शिवानी: बोला, मामा. साहेब थांबलेत.

कुंडलिक: …हॅलो. व्हय साहेब, हाय म्या. साहेब, निरंक नका लिहू. …न्हाई, दात बी नका लिहू. जुलाब लिहा. …माझ्याच घरातला हाय, मला म्हाईत हाय की. …भोरची कशी हुईल? बरं झाल्यावर पोरगं भोरवाले सांभाळणार हायत का? आमच्याच गावात येणार त्ये. …गेलं तर गेलं बक्षीस. …न्हाई साहेब, शुद्धीवर हाय म्या. आन अजून एक. गेल्या सालच्या अहवालात कारण म्हणून जलालचा भुर्जीचा गाडा लिवलाय, ते खोडा. …जलाल. ज, ला, ल. …अंड्यानं न्हाई झालं साहेब, पोरीला दातच न्हवते तवा! …बरं. …बरं. ठेवतो.

जलाल: काय म्हणाले?

कुंडलिक: गेल्या सालचं गेल्या साली मंजूर झालं. आता खोडता येत न्हाई.

शिवानी: आणि यंदाचं?

कुंडलिक: लिवलं. 'एक.' आन म्हणाले, जेवण झक्कास झालंय.

शिवानी: मग बक्षीस?

कुंडलिक: आता शेजारच्या गावाला. जिथं आपण कुत्री सोडली.

जलाल: कुत्री परत आली हे बरं झालं मग त्यांचं.

कुंडलिक: हसा. हसा. वरीसभर राबलो म्या. …जलाल, तो ठराव ग्रामसभेतच फिरवावा लागंल. म्या मांडतो इषय. तू मातुर हजर ऱ्हा.

जलाल: न्हाई आलो तर?

कुंडलिक: तर परत संमती धरतील. आन कशाला धरतील ते इचारू नको.

जलाल: येतो. पर आबा, गाड्याचं आता काय ऱ्हायलं न्हाई. चाकंसुदिक कुणी काढून नेली. मी टेम्पोवर लागलोय, चाललंय आमचं. दुसरंच सांगायचंय मला.

कुंडलिक: सांग की.

जलाल: आमच्या अम्रीनला गल्लीत 'जुलाबवाली' म्हणत्यात. पोरगी आत्ता कुठं चालायला लागली. उंबऱ्याभाईर पाऊल टाकलं की बाया आपली पोरं उचलून घरात नेत्यात. तिला वाटतं, खेळच हाय त्यो. ती टाळ्या वाजवती.

शिवानी: कोण बाया?

जलाल: नावं कशाला घ्या, वहिनी.

शिवानी: आत्याबाई पण?

जलाल: …तुमी समद्यास्नी वळखताच की.

कुंडलिक: बाळाबाईला सांगतो म्या.

शिवानी: काय सांगणार? आता तर घरातच एक आलाय जुलाबवाला.

जलाल: ह्याला न्हाई म्हणणार कुनी. सरपंचाचा नातू हाय. ह्याला दातच म्हणतील.

कुंडलिक: …खरं हाय.

शिवानी: मामा, आणखी एक सांगायचं राहिलं. डॉक्टर म्हणाली, याच्यावर आता लस निघालीय. टोचायची नाही. तोंडात थेंब द्यायचे, पोलिओसारखे.

कुंडलिक: मग उठ. आत्ताच्या आत्ता द्यायला सांग माऊलीला.

शिवानी: त्याला नाही देता येत. दीड महिन्याच्या आसपास सुरू करायची असते. याचं वय उलटून गेलं.

कुंडलिक: वय उलटलं? रांगत्या पोराचं? म्या बोलतो तिच्याशी. पंचायत समितीत आपली माणसं हायत, जन्माच्या दाखल्यावर दोन-चार महिने हिकडं-तिकडं—

शिवानी: मामा!

कुंडलिक: न्हाई, म्या आपलं इचारलं.

शिवानी: दाखल्यावर लहान करून पोर लहान होतं का?

कुंडलिक: आपल्याकडं लोक दाखल्यावर म्हातारे हुत्यात, पेन्शनीसाठी. म्हणून म्हणलं.

जलाल: सरकारी डोसात मिळत्यात का हे थेंब, वहिनी?

शिवानी: अजून नाही. खाजगीत मिळतात, आणि महाग आहेत. पुण्याहून बर्फात घालून मागवते ती, कुणी सांगितलं तर. पण ज्या देशांत सगळ्याच बाळांना द्यायला लागलेत, तिथं थंडीत असं सलाईनवर येणाऱ्या पोरांची गर्दी पुष्कळ कमी झालीय म्हणाली. जुलाब अजिबात होणारच नाहीत असं नाही. पण झाले तरी एवढ्या थराला सहसा जात नाहीत.

कुंडलिक: म्हंजी तिकडं बोर्ड न लावताच काम झालं म्हण की.

शिवानी: आपल्याकडेही एक दिवस सगळ्यांना फुकट द्यायला लागतील, तेव्हा इथल्या खाटा रिकाम्या दिसतील, असं म्हणत होती. बघू कधी येतो तो दिवस. मामा, तुम्ही आत बसता का जरा त्याच्याजवळ? मी साडी धुऊन येते. सगळी भरलीय. आणि सुईचा हात हलू देऊ नका. लघवी झाली तर लगेच सांगा म्हणालीय सिस्टर. कालपासून झालेलीच नाही.

कुंडलिक: जा. बसतो म्या.

जलाल: वहिनी, नळ मागच्या अंगाला हाय. पायरी फुटलीया तिथं, बघून जा.

शिवानी: तुम्ही दमला असाल, भाऊ. काही खाल्लं पण नाही सकाळपासून.

जलाल: आधी ह्याचं मार्गी लागू द्या. मागल्या टायमाला मी हितंच हुबा असायचो, ह्या खांबाला टेकून. आतनं पोरीचा आवाज यायचा बंद झाला की जीव कुठं जायचा कळायचं न्हाई. जाहिदा तर पाणीसुदिक—

कुंडलिक: शिवानी! अगं शिवानी! जलाल! आरं हिकडं या!

शिवानी: काय झालं? भाऊ, काय झालं त्याला?

जलाल: आबा, काय झालं?

कुंडलिक: मुतला! माऊली मुतला!

शिवानी: खरंच?

कुंडलिक: खोटं सांगतोय व्हय? समदं धोतर भिजवलं माझं. मांडीवर घेतला हुता. हे बघ, हितं, हितं, आन हितनं खाली!

शिवानी: अगं बाई… सिस्टर! अहो सिस्टर, लघवी झाली त्याला!

जलाल: आबा, हसताय का रडताय?

कुंडलिक: तुला काय करायचंय? …आन रडतोय बी त्यो. ऐक. घसा बघ कसा काढलाय.

शिवानी: काढू दे. किती पाहिजे तेवढा काढू दे. दे, दे माझ्याकडे बाळाला. ये माझ्या सोन्या. भूक लागली का? मामा, तुम्ही धोतर बदला. गारठ्यात ओल्या अंगानं बसू नका.

कुंडलिक: बदलू कुठनं? घरनं काय घिऊन आलोय का?

जलाल: टेम्पोत माझी लुंगी हाय, धुतलेली. आणू?

कुंडलिक: …आण. आन उकळलेली हाय का ते न्हाई इचारत.

जलाल: ही घ्या.

कुंडलिक: जलाल.

जलाल: जी.

कुंडलिक: तुझा धाकटा, फरदीन. केवढा झाला आता?

जलाल: सव्वा म्हयन्याचा.

कुंडलिक: म्हंजी थेंबांसाठी त्याचं वय बसतंय.

जलाल: बसतंय, आबा. महाग हायत म्हणत्यात, बघू कसं जमतंय. जाहिदाशी बोलतो आज.

कुंडलिक: बोल. डॉक्टरणीला म्या सांगून ठेवतो, मागवायचं. आन आणशील तवा पोराला टोपडं घाल, कान झाक नीट. तुझ्या टेम्पोत वारं लई लागतं.